मागच्या दाराचा हिशेब

आळे

चि. बाळ यास,


आळेफाट्यावरच्या हॉटेलवर मजला चढवून लॉजच्या 12 खोल्या काढतोयस आणि पाटीवर 'इको' शब्द टाकायचा म्हणतोयस, असं ताई फोनवर म्हणाली. टाक की. रंगाऱ्याला दोन अक्षरांचे पैसे जास्त, एवढंच. पण त्याआधी महिनाभर गल्ल्यावर कमी आणि मागच्या दारात जास्त उभा राहा. पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं. मागच्या दाराने आपणच पैसे मोजून आणलेला माल उष्टं, जळकं तेल, खरकटं पाणी आणि बाटल्या होऊन बाहेर पडतो. पर्यावरण वगैरे जे म्हणतात ते आपल्या धंद्यात या दाराशी सुरू होतं.

आपल्या फाट्याला गिऱ्हाइकाची वाण नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते इथंच एकमेकांना छेदतात. ओझर-लेण्याद्रीच्या गाड्या, पावसाळ्यात माळशेजला निघालेली पोरं, आणि 2018 साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाल्यापासून शिवनेरीला येणारी शहरातली कुटुंबं. एवढी माणसं जेवणार म्हणजे ताटात उरणारही. तेव्हा पहिली खरेदी वजनकाट्याची कर. ताटातलं उष्टं एका पिंपात, स्वयंपाकघरात उरलेलं दुसऱ्यात, आणि रात्री दोन्हींचं वजन वहीत. ताटात भात उरत असेल तर वाढप जास्त आहे. पातेल्यात रस्सा उरत असेल तर आचाऱ्याचा अंदाज चुकतोय. दोन्हींवर औषध वेगळं, म्हणून पिंपं वेगळी.

हे उष्टं पोत्यात भरून रस्त्याकडेला टाकायची जी रीत पडली आहे, ती आधी मोड. दुर्गंधी सोड, आपल्याकडे त्यात बिबट्याचा धोका आहे. उष्ट्यावर कुत्री पोसतात, आणि कुत्र्यांमागे उसातून बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबटे किती नेऊन ठेवायचे? हॉटेलामागे ताट मांडून ठेवलं तर नवा येणारच. तुझी पोरं रात्री साडेअकराला भांडी घासून मागच्याच वाटेने घरी जातात, हे विसरू नकोस.

उष्ट्याचा गॅस कर. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने अन्नकचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस यंत्र बसवलं. 2006 साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे बायोगॅस यंत्र उभं केलं, ते मोठ्या कँटीनच्या मापाचं. यातली मेख एवढीच, की शेण म्हणजे गायीने पचवून उरलेला चोथा, तर भात-भाकरी म्हणजे न पचलेलं अन्न. म्हणून किलोमागे गॅस कितीतरी जास्त निघतो, आणि लवकरही. मात्र कांद्याच्या साली, अंड्याची टरफलं, हाडं आणि करवंट्या त्यात घालू देऊ नकोस. लिंबाच्या सालींचा ढीगही नको, टाकी आंबट झाली की गॅस बंद. तुझे 19 किलोचे निळे सिलिंडर यातून बंद होतील, असं सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठव. चहाची आणि भात शिजवायची एक शेगडी चालली तरी पुष्कळ. टाकीतून येणारी मळी शेतकरी आनंदाने नेतील.

तळणीच्या तेलाचं मात्र थोडं कडक बोलतो. सकाळच्या भज्यांची कढई रात्रीपर्यंत वर नवं तेल ओतून चालवायची, ही काटकसर नव्हे. 1 जुलै 2018 पासून तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठणाऱ्या ध्रुवीय संयुगांना 25 टक्क्यांची मर्यादा आहे. ती ओलांडलेलं तेल माणसाला खायला घालायचं नाही. ते गाड्यावाल्याला स्वस्तात विकूही नकोस, कारण तो त्यातच तळणार. बायोडिझेलसाठी वापरलेलं तेल गोळा करणारे परवानाधारक असतात, त्यांना दे आणि पावती जपून ठेव. मोरीत ओतलंस तर ते पाइपात थिजतं आणि उरलेलं ओढ्याला लागतं. मोरीच्या तोंडाशी तेल अडवणारा हौद बांध. तो आठवड्याला उपसायचा कोणी, हे नाव घालून ठरव, नाहीतर तो हौद डासांचा.

पाणी. तालुक्यात पाच धरणं, आणि वर आणे पठारावर उन्हाळ्यात टँकर. गिऱ्हाईक बसायच्या आत पाच पेले भरून ठेवायची सवय बंद करून तांब्या ठेव, ज्याला हवं तो ओतून घेईल. बाटल्या ठेवण्यापेक्षा स्वच्छ फिल्टर दर्शनी जागी लाव. लोक भिंतीमागच्या पाण्यावर विश्वास ठेवत नाहीत.

लॉजसाठी विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' वाच. मुंबई विमानतळाजवळ 1997 साली त्यांनी ऑर्किड उभारलं, आशियातलं पहिलं इकोटेल प्रमाणपत्राचं पंचतारांकित हॉटेल. तिथं खोलीतल्या एसीला एक बटण ठेवलं. पाहुण्याने दाबलं की तापमान दोन अंशांनी वर जातं. सक्ती नाही, निवड त्याची. तूही चादर-टॉवेल रोज बदलायचे का, हे पाहुण्यालाच विचार. आंघोळीच्या 15 लिटरच्या बादलीला अर्ध्या युनिटपेक्षा जरा कमी वीज लागते. 24 माणसांचा हिशेब तूच कर आणि छतावर सोलर हीटर आधी बसव, संगमरवर नंतर. खाली जेवणाच्या हॉलमधले 20 पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी केलेस तर पंख्यामागे 45 वॅट वाचतात. 14 तासांचे रोज साडेबारा युनिट.

आणि मेनू छोटा कर. मार्केट यार्डातला कांदा दारात, नारायणगावचा टोमॅटो अर्ध्या तासावर, तरी तुझ्या फ्रीजमध्ये डबाबंद प्युरी कशाला? लोक आपल्याकडे मासवडी-भाकरी मागतात, चायनीज त्यांना घराजवळही मिळतं. छोट्या मेनूत माल सडत नाही. पार्सलचा रस्सा पातळ पिशव्यांतून देणं 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीपासून गुन्हा आहे, तरी सर्रास चालतं. डबा घेऊन येणाऱ्याला पाच रुपये कमी कर, महिन्यात डबे दिसू लागतील.

बायोगॅसची टाकी जिन्याखाली सावलीत बसवायचं गवंडी सुचवतोय म्हणे. ऐकू नकोस. आपल्याकडच्या थंडीत टाकी गारठली की गॅस मंदावतो. तिला दक्षिणेचा उन्हाचा कोपरा हवा. स्लॅब पडायच्या आत नकाशा घेऊन एकदा घरी ये.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा