इंद्रायणीत कुणाची खतं बुडवायची?

तुकोबांच्या घरात पिढीजात सावकारी होती. दुष्काळानं घर खचलं, विठ्ठलापाशी मन जडलं आणि लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. सांगताना तिचा एक तपशील मात्र हमखास गळतो. परंपरा म्हणते, धाकट्या भावानं, कान्होबानं, संसाराचा प्रश्न काढला तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. अर्धी खतं कान्होबाच्या हाती गेली आणि तुकोबांनी नदीत सोडली ती निव्वळ स्वतःच्या वाट्याची.

वैराग्याच्या कथेत हा वाटण्या करण्याचा हिशोबीपणा कशाला, असं कुणाला वाटेल. पण कथेतलं सगळं नीतिशास्त्र तिथंच आहे. येणं सोडायचा हक्क ज्याचं येणं त्याचा. भावाच्या वाट्यावर उदार होता येत नाही. आणि देणेकऱ्यानंच खतं बुडवली तर त्याला विरक्ती कोण म्हणेल? त्यासाठी मराठीत बुडवेगिरी हा रोखठोक शब्द आहे.

राज्य सरकार हे एक मोठं देणेकरी घर. महाराष्ट्राच्या महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग पगार, पेन्शन आणि व्याज या तीन खात्यांतच जातो. (शिक्षकांचे पगारही त्यातच आले, हे विसरून या आकड्यावर नाक मुरडलं जातं.) बाकीच्यात रस्ते, एसटी, दवाखाने आणि निवडणुकीच्या सभांमध्ये दिलेले शब्द. सुधारणेच्या गप्पा कितीही रंगल्या तरी शेवटी गाडी एकाच जागी अडते: कुणाचं देणं आधी, कुणाचं मागाहून, आणि कुणाचं देणं हे मुळात देणंच नाही?

पेन्शनपुरतं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ रोजी दिलं. डी. एस. नकारा यांच्या खटल्यातल्या पाच जणांच्या पीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, न्यायमूर्ती तुळजापूरकर होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती देसाई यांनी. पेन्शन ही मायबाप सरकारची बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीचा मागं राहिलेला मोबदला आहे, असा त्याचा गाभा. वाद मात्र एका तारखेचा होता. ३१ मार्च १९७९ला किंवा नंतर निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्र, आधीच्यांना जुनंच. एका दिवसाच्या फरकानं म्हातारपणाची किंमत बदलावी याला आधार काय, असं विचारून कोर्टानं ती भिंत पाडली. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा आपला दिवस मानतात तो यामुळं.

महाराष्ट्रातली भिंत १ नोव्हेंबर २००५ची. त्या दिवसापासून नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारनं आपला वाटा घालायचा, पुढं बाजार देईल ते. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर बसणारे दोन कारकून. एकाला मरेपर्यंत ठरलेली रक्कम, दुसऱ्याच्या हाती खात्यावरचा आकडा. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले तेव्हा शहरी मध्यमवर्गाचा सूर होता की, यांनी अटी वाचूनच नोकरी धरली होती, मग आता कुरकुर कसली? मुद्दा खोडता येत नाही. २००५ नंतर आलेल्यांच्या हाती जुनं खत नव्हतंच. त्यांची मागणी वचनभंगाची नाही, समान पंगतीची आहे. सात दिवसांनी समितीच्या आश्वासनावर संप मिटला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत योजना आणली: पंचवीस वर्षं नोकरी झाली तर अखेरच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती उचलली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हा योगायोग समजायला हरकत नाही.

नुसतं खत पक्कं असूनही भागत नाही, याचा दाखला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मिळतो. तिथल्या १९७०च्या राज्यघटनेतच लिहिलंय की सार्वजनिक पेन्शन हा करार आहे, त्याचे लाभ घटवता येणार नाहीत. वचन दगडावर कोरलं आणि बाजूला टाकायचे पैसे मात्र वर्षानुवर्षं पुरेसे टाकले नाहीत. २०१३ मध्ये कपातीचा कायदा झाला. मे २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो एकमतानं रद्द केला. मग भार कुणावर आला? १ जानेवारी २०११ पासून नोकरीला लागलेल्यांसाठी कमी लाभाची वेगळी पायरी आधीच करून ठेवलेली होती. तिथंही एक तारीखच.

ज्यांच्या हाती खत आहे ते निदान भांडू तरी शकतात. पण शाळेत जाणाऱ्या पोराच्या हाती काय असतं?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं मांडला होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च झुकतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं, ही त्यांची तक्रार. त्यात दयेची याचना नव्हती. शेतकऱ्याच्या पोराला त्यांनी ऋणको नव्हे, धनको ठरवलं. बापानं आधीच भरलंय, शाळा हे त्याचं येणं आहे. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य मिळालं, तेही याच बळावर.

शंभर-सव्वाशे वर्षांनी राज्यानं शाळांना परवानगी द्यायची, पण पैसे द्यायचे नाहीत, असा मार्ग काढला: कायम विनाअनुदानित. संस्थाचालकानं लिहून द्यायचं की अनुदान मागणार नाही. २००९ मध्ये जीआर काढून त्यातला ‘कायम’ हा शब्द तेवढा वगळला. एवढा एक शब्द गेल्यावर शिक्षकांच्या आयुष्यात जे सुरू झालं त्याला टप्पा अनुदान म्हणतात: मूल्यांकन, घोषित, अघोषित, वीस टक्के, चाळीस टक्के. तोवर फुकट किंवा नाममात्र पगारावर शिकवायचं, सुटीत शेतावर जायचं आणि अधिवेशनाच्या काळात आझाद मैदान गाठायचं. २०२५च्या पावसाळी अधिवेशनातही हे शिक्षक त्याच मैदानात चिखलात बसले होते.

इथं शाळेचा पैसा आणि पेन्शन एकमेकांत असे गुंततात की सोडवणाऱ्यानं डोकं धरावं. काही शिक्षक १ नोव्हेंबर २००५च्या आधी नेमले गेले, पण त्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं ते नंतर. सरकार म्हणतं, तुमची शाळा त्या दिवशी पूर्ण अनुदानित नव्हती, म्हणून जुनी पेन्शन नाही. म्हणजे देणेकऱ्यानं आधी देणं लांबवलं आणि मग त्याच लांबणीचा पुरावा करून दुसरं देणं नाकारलं. तुकोबांच्या गावच्या कुठल्याही सावकाराला ही युक्ती सुचली नसती.

वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. तैत्तिरीय संहितेत ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं अशी तीन ऋणं येतात. शतपथ ब्राह्मण त्यात माणसांचं चौथं ऋण घालतं, जे आतिथ्यानं फिटतं. या ऋणांना खत नाही, साक्षीदार नाहीत, कुणी सही केलेली नाही. मूळ विधान यज्ञाचा अधिकार असलेल्यांपुरतं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी त्यातली एक सूचना अर्थसंकल्पाच्या पुस्तकाला लावून पाहण्यासारखी आहे: करारानं बांधलेलं देणं हे देण्यांपैकी फक्त एक. पेन्शनला पितृऋण म्हणून पाहिलं तर शाळेला ऋषिऋण म्हणावं लागेल, आणि आडगावाच्या फाट्यावर उभ्या माणसाला घेऊन जाणं हे मनुष्यऋण. सरकार मात्र फेडतं त्याच क्रमानं ज्या क्रमानं वसुलीला माणसं दारात येतात.

एसटीच्या कामगारांना हे पक्कं कळलं होतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटल्यापासून लोक एसटीला सरकारच समजत आले. पण वाहक-चालक महामंडळाचे, सरकारचे नव्हेत. म्हातारपणी त्यांच्या वाट्याला येते ती १९९५च्या भविष्य निर्वाह निधीवाल्या योजनेची पेन्शन, जिचं किमान २०१४ मध्ये महिना हजार रुपये ठरलं. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात पगारवाढ मिळत असूनही ते महामंडळाचं सरकारात ‘विलीनीकरण’ या एका शब्दाला चिकटून राहिले ते म्हणूनच. त्यांना पैशाआधी खतावर नाव हवं होतं. ते मिळालं नाही. त्या काळात आगारं ओस पडली, आत्महत्या झाल्या आणि फाट्यावरची मुलं पायी शाळेत गेली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या ठिकाणी उलटी वाचावी लागते. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार रयतेला खुलं केलं. धान्य सरकारचं, पुण्य पंतांचं. बिदरला हिशोब द्यायची वेळ आली तेव्हा विठू महाराच्या रूपात देव गेला आणि रक्कम भरून पावती घेऊन आला. आज कोठार खुलं करतो तो बादशहाच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. दोन्ही निर्णय चांगलेच. माहेरी जाणारी आणि दवाखान्यात एकटी जाऊ लागलेली बाई ते सांगेल. फक्त धान्य ज्या कोठारातलं जातं ते महामंडळाचं, आणि प्रतिपूर्ती वेळेत व पूर्ण येत नाही ही कामगार संघटनांची जुनी तक्रार. मधल्या काळात डिझेल घ्यायचं असतं, टायर बदलायचे असतात, पगार करायचे असतात.

मंगळवेढ्याहून पंढरपूरला निघालेल्या गाडीत पंचाहत्तरी ओलांडलेली म्हातारी चढते तेव्हा वाहक तिचं आधार कार्ड पाहतो आणि मशीनमधून तिकीट काढून हातात देतो. त्यावर रकमेच्या जागी शून्य असतं. म्हातारी ते जपून कनवटीला लावते. वाहकाच्या मशीनमध्ये मात्र तिचं भाडं नोंदलं जातं, आगारातून वर जातं आणि महामंडळ त्याचं बिल मंत्रालयात पाठवतं.