सस्पेन्स खात्यातले आजोबा

संध्याकाळी हिशेबाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत, तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून माणसाला घरी जाता येते. कॉमर्सच्या पदवीने मला जे काही शहाणपण दिले, त्यातले हे सर्वांत उपयोगी. पण उपकाराच्या बाबतीत अशी सोय आहे का, हा प्रश्न मला पडला तो जपानात, आणि तोही बिस्किटांच्या कारखान्याच्या वाटेवर.

त्याचे असे झाले. माझा भाचा साप्पोरोला शिकतो. "मामा, एकदा या की इकडे," असे तो फोनवर म्हणाला आणि आम्ही उभयता ऑक्टोबरात खरोखरच जाऊन थडकलो. (आजकालच्या मुलांनी आमंत्रणे जरा जपून द्यावीत.) त्याला रोज कॉलेज. त्यामुळे एके दिवशी त्याने आम्हांला ओतारूला पाठवले आणि येताना वाटेत 'शिरोई कोइबितो' पार्क बघा म्हणाला. कसे जायचे ते कागदावर लिहून दिले. एका बाजूला मराठीत आमच्यासाठी, दुसऱ्या बाजूला जपानीत, आम्ही हरवलो तर.

ओतारू हे जुने बंदर. एके काळी तिथे इतक्या बँका होत्या की त्याला उत्तरेची वॉल स्ट्रीट म्हणत. बँक ऑफ जपानची १९१२ सालची दगडी शाखा तिथे अजून उभी आहे. ती २००२ साली बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिचे संग्रहालय झाले. मी तिथल्या जुन्या काउंटरांपाशी इतका रेंगाळलो की ही म्हणाली, "अहो, बँकेचं संग्रहालयच बघायचं होतं तर इतक्या लांब कशाला आलो? तुमची शाखा आहेच की!"

'शिरोई कोइबितो' म्हणजे गोरा प्रियकर किंवा गोरी प्रेयसी. जपानी शब्दात दोन्ही बसतात, त्यामुळे आमच्या घरात वाद झाला नाही. हे १९७६ सालापासूनचे बिस्किट. दोन पातळ बिस्किटे आणि मध्ये पांढऱ्या चॉकलेटची वडी. ते ओतारूच्या दुकानांतही मिळते. "मग तिथवर जायचं कशाला?" असे मी विचारले. त्यावर हिने मला पंढरपूरचे उदाहरण दिले. विठोबाची तसबीर घरात असते, तरी लोक जातातच ना? मी गप्प बसलो.

गाडी निघाली. बराच वेळ रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. कागदावर लिहिले होते : 'कोतोनीला उतरा. तिथून मेट्रोने शेवटचे स्टेशन, मियानोसावा.' कोतोनीला उतरलो. मेट्रो कुठेच दिसेना. भाच्याने एकच गोष्ट लिहिली नव्हती. कोतोनी नावाची स्टेशने दोन आहेत, एक रेल्वेचे आणि एक मेट्रोचे, आणि दोहोंमध्ये सात-आठ मिनिटांची चाल आहे. दादर दोन असली तरी निदान पुलाने जोडलेली आहेत!

एक आजोबा लगबगीने स्टेशनात शिरत होते. मी त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी तो वाचला, घड्याळ बघितले, स्टेशनाकडे बघितले, आणि चक्क मागे फिरून चालू लागले. आम्ही त्यांच्या मागे. पार मेट्रोच्या फाटकापर्यंत आणून सोडले. त्यांची गाडी आमच्यापायी चुकली, हे समजायला जपानी यायची गरज नव्हती.

हिने पिशवीतून शेंगदाण्याच्या चिक्कीचे पाकीट काढून त्यांना दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, वाकून नमस्कार केला. मला वाटले, खाते बंद झाले. तेवढ्यात त्यांनी आपल्या पिशवीत हात घालून दोन संत्री आमच्या हातावर ठेवली आणि निघूनही गेले. म्हणजे देणे फिटायचे राहिले बाजूला, ते वाढून बसले!

मेट्रोत (ती तिथे रबरी टायरांवर चालते, त्यामुळे विचार करायला शांतता मिळते) मी हिला म्हटले, "याची फेड कशी करायची?"

"शाखेत म्हाताऱ्या माणसांशी नीट वागा, म्हणजे झालं," ही म्हणाली.

हिला ठाऊक नव्हते, पण नेम बरोबर लागला. गेल्या नोव्हेंबरात एक पेन्शनर आजी हयातीचा दाखला द्यायला माझ्या खिडकीशी आल्या होत्या. मी डोके वर न करता पेनाने दाखवले, "तिकडे." तिकडे म्हणजे दहा पावले. आजी चुकीच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांचा नंबर लागायला आणि जेवणाची सुट्टी व्हायला एकच गाठ पडली. त्या बाकावर बसून राहिलेल्या मला दिसत होत्या. मी डबा उघडला.

आता आजींशी चांगले वागून आजोबांची फेड होईल का? बँकेत एक खाते दुसऱ्याशी वळते करता येते, पण ते एकाच माणसाचे असेल तर. शिवाय एक घेणे आणि एक देणे हवे. इथे आजोबा माझे धनको आणि आजीही धनकोच. दोन देणी एकमेकांत वळती करून शून्य आणायची युक्ती आमच्या कुठल्याही सर्क्युलरमध्ये नाही.

पार्क छान आहे. विलायती धाटणीच्या इमारती, तासाला बाहुल्या नाचवणारे घड्याळ, काचेतून दिसणारी बिस्किटांची अखंड रांग. यंत्राकडे बघताना वाटले, ही रांग बरी, कुणीच चुकीच्या खिडकीवर जात नाही. मी शाखेसाठी चोवीस बिस्किटांचा डबा घेतला. प्रत्येक बिस्किट वेगळ्या वेष्टनात, म्हणजे वाटताना भांडण नको.

रात्री भाच्याने सांगितले की जपानात भेटीची परतफेड करायची रीत आहे, आणि पुष्कळदा ती निम्म्या किमतीची असते. चिक्कीच्या निम्मे दोन संत्री होतात का, यावर आम्ही मामा-भाचे बराच वेळ बसलो. चुकलेल्या गाडीचा भाव मात्र दोघांनाही लावता येईना.

शाखेत आम्ही तेवीस जण. मॅनेजरसाहेबांपासून शिपायापर्यंत एकेक बिस्किट गेले, एक उरले. ते माझ्या खणात आहे. शिपाई रोज विचारतो, "साहेब, त्याचं काय करायचं?"

आज पाच नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्यांची रांग दारापर्यंत जाते. मी हल्ली दर थोड्या वेळाने मान वर करून बघतो. आजी अजून आलेल्या नाहीत. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.