घुष्मेची बहीण सुदेहा



छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील श्रीक्षेत्र वेरूळ येथे बाराव्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना घुष्मेची कथा ठाऊक असते. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. घुष्मा सात्त्विक आणि सुदेहा दुष्ट, एवढे म्हटले की सांगणाऱ्याचे काम संपते.

मत्सरी सवत हे पात्र भारतीय कथांना नवे नाही. सुरुचीने बाळ ध्रुवाला पित्याच्या मांडीवर बसू दिले नाही. कद्रूने कपटाने विनतेस दासी केले. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत सवती नसल्या, तरी तीन आवडत्या सुना आणि उष्टे अन्न खाऊन राहणारी एक नावडती सून आहेच. पाश्चात्त्यांच्या सिंड्रेलेचा छळ सावत्र आई व बहिणी करतात. अशा कथांत छळणाऱ्यांस बहुधा कठोर शासन होते. सुरुचीचा पुत्र यक्षाच्या हातून मारला जातो व तीही त्याच्यामागे जाते. कद्रूचे सर्प जनमेजयाच्या यज्ञात जळतात. ग्रिम बंधूंच्या संग्रहात तर सिंड्रेलेच्या बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात.

वेरूळची कथा मात्र निराळी आहे. शिवपुराणातील कोटिरुद्रसंहितेत ती सुदेहेच्या दुःखापासून सुरू होते. देवगिरी पर्वताच्या सान्निध्यात राहणाऱ्या सुधर्मा ब्राह्मणाची ही पत्नी निपुत्रिक होती. शेजारणीने त्यावरून तिला टोचून बोलले. अखेर तिनेच आग्रह करून आपल्या माहेरच्या घुष्मेशी पतीचा दुसरा विवाह लावला. लोकपरंपरा घुष्मेस तिची धाकटी बहीण मानते. सवत तिच्या घरी आली नाही, तिनेच ती आणली. कथेकऱ्यांनी हा भाग वगळू नये. अपत्याची आस धरून या क्षेत्री येणाऱ्या कित्येक स्त्रियांना सुदेहेचे ते दिवस अनोळखी नाहीत.

घुष्मा नित्य १०१ पार्थिव लिंगे पूजून सरोवरात विसर्जित करी. तिला पुत्र झाला, तो मोठा झाला, सून घरी आली. सारा मान घुष्मेकडे गेला आणि सुदेहेच्या मनात विष साठत गेले. एका रात्री तिने त्या मुलाचा वध करून देह त्याच सरोवरात टाकला. प्रातःकाळी सुनेचा आक्रोश ऐकूनही घुष्मेने पूजा मोडली नाही. विसर्जनास गेली, तो काठावर पुत्र जिवंत उभा!

भगवान शंकर प्रकट झाले व सुदेहेच्या वधास सिद्ध झाले. घुष्मेने आधी बहिणीचे प्राण मागितले. देवाने येथेच वास करावा, हे मागणे त्यानंतरचे. सुदेहेने लज्जित होऊन क्षमा मागितली व प्रायश्चित्त घेतले.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १८व्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या तांबड्या पाषाणाच्या मंदिरात दर्शन झाल्यावर भाविकांनी जवळच्या शिवालय तीर्थासही जावे. घुष्मेचे सरोवर ते हेच, अशी श्रद्धा आहे. मुलाचा देह टाकला गेला तो येथे, आणि सुदेहेस अभय मिळाले तेही येथेच.