मुलाचे ‘नाही’

ईदच्या दिवशी घरी पाहुणे येतात. आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या हातात नवी मोटार असते. पाहुण्यांचे मूल ती मागते, आपला मुलगा ती छातीशी घट्ट धरतो आणि आपण ओशाळतो. ‘‘दे बघू, शहाणा ना तू?’’ असे म्हणता म्हणता आपणच त्याच्या मुठीतून ती सोडवतो, पाहुण्यांच्या मुलाला देतो आणि रडणाऱ्या मुलाला सांगतो की वाटून खेळावे. वाचकहो, या प्रसंगात वाटण्याचा धडा नेमका कोणाला मिळाला? मुलाने पाहिले ते एवढेच की ज्याचे हात मोठे, तो लहानाची वस्तू काढून घेऊ शकतो. संध्याकाळी तेच मूल धाकट्या बहिणीची बाहुली हिसकावते, तेव्हा ‘हे कोठून शिकला?’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

हजरत सहल बिन सअद (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग येथे आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे पेयाचा प्याला आणला गेला. ते प्याले. त्यांच्या उजवीकडे बैठकीतला सर्वांत लहान मुलगा होता, डावीकडे वयोवृद्ध मंडळी. प्याला उजवीकडून फिरवायचा हा शिरस्ता. प्रेषितांनी (स.) मुलाला विचारले की आधी या वडीलधाऱ्यांना देण्यास तुझी परवानगी आहे का? मुलगा म्हणाला की आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी कोणालाही देणार नाही. प्रेषितांनी (स.) प्याला त्या मुलाच्या हातात ठेवला.

ज्यांच्या एका शब्दावर सहाबा प्राण द्यायला तयार असत, त्यांनी एका पोराची परवानगी मागितली आणि ती न मिळाल्यावर ते ‘नाही’ मान्य केले. रिवायतीत मुलाला कोणी दटावल्याचा उल्लेख नाही. आपणही घरात ‘‘देशील ना?’’ असे विचारतो. पण तो प्रश्न नसतो, प्रश्नाचे कपडे घातलेला हुकूम असतो. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, त्यातून मूल औदार्य शिकत नाही. मोठ्यांचा चेहरा वाचायला शिकते. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस पेयांच्या प्रकरणात तर दिलीच, शिवाय भेटी-बक्षिसांच्या आणि जुलूम-अन्यायांच्या प्रकरणांतही दिली. मोठ्यांनी लहानाचा वाटा परस्पर उचलणे हा शिष्टाचारापुरता विषय नाही, हे त्या मांडणीवरून मला जाणवते.

फिकहही याच बाजूने बोलते. अज्ञान मुलाची मालमत्ता त्याचीच. आईबाप तिचे केवळ राखणदार. मुलाच्या मालकीचे ते परस्पर कोणाला बक्षीस देऊ शकत नाहीत. यात घाटावरचे हनफी आणि कोकणातले शाफई असा मतभेद नाही. (ईदीचे पैसे ‘‘दे, मी जपून ठेवते’’ म्हणून घेणाऱ्या आणि मग विसरून जाणाऱ्या सर्व अम्मींनी हा परिच्छेद कृपया पुन्हा वाचावा. अब्बांनीही.)

यावर आक्षेप येईल की अशाने मूल हट्टी आणि आपमतलबी होईल. आक्षेप रास्त आहे, कारण मुलाचे प्रत्येक ‘नाही’ सारखे नसते. हजरत हसन (रजि.) लहान असताना त्यांनी सदक्याच्या खजुरांतला एक खजूर तोंडात टाकला. तेथे प्रेषितांनी (स.) परवानगी विचारली नाही. तान्ह्या मुलाला तोंडातले थुंकायला लावताना आपण ‘छी, छी’ म्हणतो, तशाच बालभाषेतल्या उद्गाराने त्यांनी तो टाकायला लावला. आणि सोबत कारणही सांगितले, की आपण सदका खात नाही. जे मुलाचे नाही तेथे त्याचा हात धरावा, दुसऱ्याला मारण्यासाठी उठलेला हात तर तत्काळ धरावा. जे त्याचे आहे तेथे मात्र विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

वाटून देण्यापूर्वी मुलाला दुसऱ्याचे मन दिसावे लागते, आणि आपले मन कोणी पाहिले असेल तरच ते दिसू लागते. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका चिमण्या पक्ष्याशी खेळत असे. तो पक्षी मेला. प्रेषितांनी (स.) मुलाला उदास पाहिले, त्याला आदराने ‘अबू उमैर’ अशी हाक मारली आणि त्या पक्ष्याचे काय झाले, असे त्याच्या नावाशी यमक जुळवून विचारले. मरण पावलेल्या पक्ष्याचा विषय त्यांनी टाळला नाही. आपण अशा वेळी घाईने म्हणतो, ‘‘रडू नकोस, दुसरा आणू.’’ मुलाला दुसरा पक्षी नको असतो. आपला पक्षी मेला, हे कोणाला तरी कळलेले हवे असते.

‘सॉरी म्हण’ या आग्रहाचेही तसेच. आपल्या धर्मात तौबेचा आरंभ पश्चात्तापाने होतो, आणि दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत केल्याशिवाय ती पुरी होत नाही. मग तीन वर्षांच्या मुलाकडून फक्त ओठांवरचा शब्द का वदवून घ्यायचा? त्याने भावाचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला असेल तर त्याला शेजारी बसवावे. ‘‘बघ, त्याचे डोळे भरून आलेत. तो सकाळपासून हे रचत होता,’’ एवढे सांगावे. मग दोघांनी मिळून तो पुन्हा रचावा. माफीचा शब्द त्या दिवशी येईल किंवा येणार नाही. ठोकळे उचलणारा हात मात्र तौबेच्या वाटेवर लागलेला असतो.

येत्या ईदला पाहुणे येण्यापूर्वी मुलाला कपाटापाशी न्यावे आणि विचारावे की आज कोणाच्याही हाती जाऊ नये असे यातले काय आहे? ते त्याच्याच हाताने वर ठेवून द्यावे. उरलेली खेळणी सर्वांची, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. एखादे मूल सगळीच खेळणी वर कोंबेल. कोंबू द्यावीत. पाहुण्यांच्या मुलासाठी घरात एखादा चेंडू निघतोच, आणि तो फेकायला समोर कोणीतरी लागतो, हे आपल्या मुलाच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही.