टिकणें आणि जगणें

२०१३ सालीं इंग्लंडांतील हिंक्स्टन येथें निक गोल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शेक्सपिअरचीं १५४ सुनीतें डीएनएच्या चार घटकांच्या क्रमांत उतरविलीं व पुन्हां वाचून दाखविलीं. चुंबकीय फितीचें आयुष्य कांहीं दशकांचें. उलट गोठलेल्या भूमींतील मॅमथच्या दातांतून दहा लक्ष वर्षांहून जुना डीएनए २०२१ सालीं वाचला गेला. तेव्हां ग्रंथ अमर झाले, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं.

आम्हांस मात्र टिकणें आणि जगणें यांत अंतर दिसतें. डीएनए वाचण्याची विद्या मनुष्य कधींहि विसरणार नाहीं, असें या पक्षाचे लोक म्हणतात. तें क्षणभर मान्य करूं. परंतु कोणत्या क्रमाचें कोणतें अक्षर, हा संकेत सृष्टीनें दिलेला नाहीं. तो मनुष्यानें ठरविला आहे, आणि मनुष्याचे संकेत मनुष्यच विसरतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद पहा. कागद शाबूत, शाई शाबूत. दुर्मिळ झाला आहे तो वाचणारा. ज्या घरीं पणजोबा मोडींत पत्रें लिहीत, त्याच घरीं पणतूला तीं पत्रें कोडें होऊन बसलीं आहेत. येथें कागदानें दगा दिला नाहीं. तो आपण दिला.

साठवणच नसेल तर उद्यांच्या जिज्ञासूनें वाचावें तरी काय, हा आक्षेप खरा आहे. म्हणून संग्रह अवश्य करावा. पण तेवढ्यानें आपण कर्तव्यमुक्त झालों, असें मानूं नये. ऋषिऋण फिटतें तें अध्ययनानें, संग्रहानें नव्हे.