देहावरील केस आणि गृहीत देह : एका क्रीडाप्रकारातील नैतिक प्रश्न

१

प्रतिरूपणाचा नैतिक विचार बहुधा 'काय दाखवले' ह्या प्रश्नापासून सुरू होतो आणि तेथेच थांबतो. अमुक एका समूहाचे चित्रण झाले की नाही, झाले असल्यास ते यथातथ्य आहे की विपर्यस्त, एवढ्यावर निवाडा दिला जातो. परंतु जे दाखवले जाते ते काय गृहीत धरून दाखवले जाते, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. चित्रातील आकृती आणि चित्राची पार्श्वभूमी ह्यांपैकी आकृतीवर वाद घालता येतो; पार्श्वभूमी मात्र वादाच्या कक्षेतच येत नाही, कारण ती कोणी निवडली आहे असे वाटतच नाही. ह्या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी वरकरणी क्षुल्लक भासणारे एक उदाहरण उपयोगी पडते. 'द सिम्स' ह्या संगणकीय खेळातील माणसांच्या अंगावर केस असावेत म्हणून काही खेळाडू स्वतः पोतचित्रे घडवतात. पोतचित्र म्हणजे त्रिमितीय आकृतीवर कातडीसारखे गुंडाळले जाणारे सपाट चित्र. ह्या कारागिरीत नैतिक असे काय असू शकते, हा येथील विषय आहे.

विल राइट ह्यांच्या कल्पनेतून उतरलेला आणि मॅक्सिस ह्या संस्थेने घडवलेला 'द सिम्स' २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आली. ह्या खेळात जिंकणे-हरणे नाही. खेळाडू माणसे घडवतो, त्यांना घर बांधून देतो, त्यांच्या नोकऱ्या, मैत्र्या, विवाह आणि मृत्यू पाहतो. भूक, झोप, स्वच्छता, लघुशंका, करमणूक आणि सहवास ह्या चौथ्या आवृत्तीतील माणसांच्या गरजा आहेत. त्या भागवल्या नाहीत तर ती माणसे खंगतात, भोवळ येऊन पडतात, त्यांच्या अंगाला दुर्गंधी येते. देहधर्म ह्या खेळाने वर्ज्य मानलेले नाहीत, किंबहुना खेळाचा पुष्कळसा विनोद त्यांवरच उभा आहे. तरीही ह्या चौथ्या आवृत्तीतील माणसांच्या हातापायांवर, छातीवर वा पाठीवर केस उगवण्याची अधिकृत सोय जुलै २०२२ पर्यंत नव्हती. जवळपास आठ वर्षे ती उणीव खेळाडूंनी घडवलेल्या पोतचित्रांनीच भरून काढली.

ही उणीव शालीनतेपोटी राहिली असे म्हणावे, तर स्नानाच्या वेळी देहावर धूसर चौकड्यांचा पडदा येतो आणि त्या चौकड्यांखाली बाहुलीप्रमाणेच झाकण्याजोगे काही नसते. दंडावरच्या केसांना तर असा पडदा लागतही नाही. तंत्राच्या मर्यादेपोटी राहिली असे म्हणावे, तर ज्या तंत्राने गोंदण आणि तीळ अंगावर उमटतात, त्याच तंत्राने केसही उमटतात, हे हौशी कारागिरांनी दाखवून दिले. तेव्हा ही उणीव म्हणजे विसर नव्हे. ज्याची आठवणच होऊ नये अशा रीतीने देहाची कल्पना केलेली होती.

२

ह्या कारागिरीचे स्वरूप जाणून घेतल्याशिवाय तिच्यातील प्रश्न नीट मांडता येत नाही. चौथ्या आवृत्तीत देहाची कातडी १०२४ गुणिले २०४८ बिंदूंच्या एका सपाट चित्रात उलगडून ठेवलेली असते. पोट, पाठ, हात, पाय हे सारे त्या पृष्ठभागावर सोलून पसरल्यासारखे दिसतात. कारागीर ह्या नकाशावर पारदर्शक थरात केसांच्या रेषा ओढतो. केसांना दिशा असते. पोटावरचे केस मध्यरेषेकडे ओढले जातात, हातावरचे करंगळीच्या बाजूला कलतात. ही दिशा चुकली तर केस चिकटवल्यासारखे दिसतात. जेथे पुढच्या अंगाचे चित्र पाठीच्या चित्राला मिळते, त्या सांधरेषेवर एखादी रेष तुटली तर सगळा आभास तुटतो. म्हणून ह्या कामाला आपल्या स्वतःच्या देहाकडे किंवा दुसऱ्याच्या देहाकडे लक्षपूर्वक पाहण्याची शिस्त लागते.

परंतु ह्या कौशल्याच्या आतच काही गृहीतके दडलेली असतात. पोतचित्र सडपातळ आकृतीवर बसवून पाहिले आणि मग तीच आकृती स्थूल केली, तर कातडी ताणली जाते आणि तिच्याबरोबर केसाची रेषही रुंदावते. बारीक लव जाड दोऱ्यासारखी दिसू लागते. गोऱ्या कातडीवर उठून दिसणारा काळा केस सावळ्या कातडीवर विरून जातो, किंवा उलट त्याच्या कडेची फिकट छटा मळासारखी दिसते. ह्या खेळात कातडीच्या शंभराहून अधिक नव्या छटा डिसेंबर २०२० मध्ये आल्या. त्यांतील प्रत्येक छटेवर तेच पोतचित्र सारखेच खरे उतरेल असे नाही. म्हणजे 'सर्वांसाठी' म्हणून घडवलेल्या केसांच्या मागेही एक विशिष्ट देह उभा असतो. त्याचा बांधा आणि वर्ण कारागिराने निवडलेला नसतो. तो त्याच्या पडद्यावर आधीच उघडलेला असतो.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, केस हा येथे सदैव वरचा थर असतो. खालचा देह पूर्ण असतो, स्वयंपूर्ण असतो, केशहीन असतो. वास्तवात केस आपोआप येतात आणि ते काढून टाकणे ही कृती असते. तिला वेळ, पैसा आणि वेदना लागते. खेळात हे नाते उलटे होते. केशहीनता ही निसर्गस्थिती ठरते आणि केस हे अलंकरण ठरते, गोंदणासारखे किंवा कर्णभूषणासारखे. ज्याला हवे त्याने घ्यावे, अशा औदार्याने ते देऊ केले जाते. ह्या औदार्यातच प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. एखादी गोष्ट पर्याय म्हणून देणे आणि ती गृहीत धरणे ह्यांत केवळ प्रमाणाचा भेद नसून दर्जाचा भेद आहे. पर्यायाला स्वतःचे समर्थन करावे लागते. गृहीताला ते करावे लागत नाही.

३

केशहीन देहाचे हे गृहीतक संगणकाने निर्माण केलेले नाही. ग्रीक शिल्पात पुरुषाकृतीला आखीव कुरळ्या केसांचे चिन्ह मिळते, स्त्रीची आकृती मात्र गुळगुळीत संगमरवरच राहते. युरोपीय चित्रकलेने हा संकेत शतकानुशतके पाळला. केनेथ क्लार्क ह्यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात उघडावाघडा देह आणि कलेतील नग्नाकृती ह्यांत भेद केला. पहिल्यात संकोच आहे, दुसरीत सुघटित आत्मविश्वास आहे, असा त्यांचा आशय होता. जॉन बर्जर ह्यांनी १९७२ मध्ये हा भेद उलटा वाचला. त्यांच्या मते केस हे कामशक्तीचे सूचक असल्यामुळे स्त्रीच्या चित्रातून ते वगळले गेले. शक्तीची मक्तेदारी पाहणाऱ्या पुरुषाकडे राहावी ही त्यामागची व्यवस्था होती. १९१५ मध्ये जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठी वस्तरा बाजारात आणला, तेव्हा संगमरवराचा हा संकेत प्रत्यक्ष कातडीवर लागू करण्याचे साधनही सहज उपलब्ध झाले. कलेतील गृहीतक लोकव्यवहारातील कर्तव्य कसे बनते, ह्याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

परंतु हा संकेत सार्वत्रिक नव्हता. संस्कृत काव्यपरंपरेत नाभीकडून वर जाणारी केसांची नाजूक रेषा, म्हणजे रोमराजी किंवा रोमावली, हे नायिकेच्या सौंदर्याचे लक्षण मानले गेले. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या यौवनाचे वर्णन करताना ह्या रेषेला आवर्जून स्थान दिले आहे. ज्या केसाला एका परंपरेने चित्रातून हद्दपार केले, त्याच केसाला दुसऱ्या परंपरेने उपमांचा साज चढवला. येथे आत्मसंतुष्ट होण्याचे मात्र कारण नाही. रोमावली हीदेखील पाहणाऱ्याने आखलेली रेषा आहे. ती बारीक, कोवळी आणि नेमक्या जागी असावी लागते. दंडावरच्या वा पिंडरीवरच्या लवेला त्या काव्याने असा मान दिलेला नाही. एका संकेताऐवजी दुसरा संकेत, एवढाच निष्कर्ष ह्या तुलनेतून काढता येतो. पण तेवढाही पुरेसा मोलाचा आहे, कारण जे बदलू शकते ते निसर्ग नव्हे, हे त्याने सिद्ध होते.

भारतीय विचारात केसाला आणखी एक स्थान आहे, आणि ते प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांत स्तंभ, स्वेद ह्यांच्या जोडीने रोमांच येतो. सात्त्विक भावांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ इच्छेने आणता येत नाहीत. मन तद्रूप झाल्याखेरीज ते देहावर उमटत नाहीत. भयाने, हर्षाने वा थंडीने अंगावर काटा येतो तेव्हा देह आपली परवानगी घेत नाही. ह्या दृष्टीने केस हे अलंकरण नव्हे आणि उणीवही नव्हे. देह हा संपूर्णपणे आपल्या आज्ञेत नसल्याचा तो पुरावा आहे. पोतचित्रातील केस मात्र कधीच उभा राहू शकत नाही. तो कातडीवर छापलेला असतो. जुलै २०२२ च्या अधिकृत सुधारणेने लिंगभेद न करता केसांची सोय दिली आणि ते वाढू व काढता येऊ लागले. त्यामुळे ह्या केसांना काही प्रमाणात काळ लाभला. परंतु ही वाढसुद्धा खेळाडूच्या अनुमतीने होते. जे अनुमतीवाचून घडते तेच ज्याचे वैशिष्ट्य, ते अनुमतीच्या यादीत बसवले गेले.

४

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. खेळ हा खेळ आहे. त्याचे विश्व स्वायत्त आहे. लौकिक जीवनातील न्यायान्यायाचे निकष त्याला लावणे म्हणजे कोटिप्रमाद होय. रा. भा. पाटणकर ह्यांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे जे दोन ध्रुव मांडले, त्यांपैकी दुसऱ्याच्या बाजूने हा आक्षेप येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. केशहीन माणसे घडवणारा खेळाडू कोणाचा अपमान करतो असे म्हणणे अतिरेकी होईल. शिवाय ह्या खेळातील माणसे एक निरर्थक बोली बोलतात, डोक्यावर हिरवा स्फटिक घेऊन फिरतात. तेथे वास्तवाशी इमान राखण्याची मागणी हास्यास्पद ठरेल.

परंतु हा आक्षेप वास्तववादाला लागू पडतो, गृहीतकाच्या प्रश्नाला नव्हे. जे विश्व वास्तवाची नक्कल करत नाही त्यात कोणतीही गोष्ट केवळ 'तशी असते म्हणून' येऊ शकत नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी आणलेली असते. रोलां बार्थ ह्यांनी १९६८ मध्ये दाखवले की, कथानकाला निरुपयोगी असे तपशील कथनात केवळ 'हे वास्तव आहे' एवढे सुचवण्यासाठी येतात. 'द सिम्स'मध्ये अशा तपशिलांची रेलचेल आहे: पुस्तकांच्या पाठी, भांड्यांतील उष्टे, भिंतींवरचे डाग. उष्ट्याला ज्या जगात जागा मिळाली त्या जगात पिंडरीवरच्या केसाला ती मिळाली नाही. वास्तवाचा आभास निर्माण करण्यास काय पात्र आहे, हे ठरवणे ही स्वायत्त विश्वातीलच कृती आहे. म्हणून तिचे उत्तरदायित्वही त्या विश्वाबाहेर ढकलता येत नाही.

हे उत्तरदायित्व कारागिराच्या हातात नेमके कोठे येते? चित्र पूर्ण झाल्यावर ते खेळात बसवण्यासाठी त्याला काही चौकटींत खुणा कराव्या लागतात: हे केस कोणत्या वयाला, पुरुषदेहाला की स्त्रीदेहाला की दोहोंना. आणखी एका चौकटीतील खूण ठरवते की, खेळ जी माणसे स्वतःहून निर्माण करतो, रस्त्यावरून जाणारी, दुकानात उभी असलेली, त्यांना हे केस यदृच्छेने मिळू शकतील की नाही. पहिली खूण कोणाला मुभा आहे हे सांगते. दुसरी खूण त्याहून दूरगामी आहे, कारण तिच्यामुळे केस हा खेळाडूच्या आवडीचा विषय राहत नाही. तो भेटणाऱ्या माणसाचा गुणधर्म होतो. ही खूण केली नाही तर केसाळ देह फक्त तेथेच दिसेल जेथे कोणी तो मुद्दाम मागितला. बाकी सारे गाव गुळगुळीत राहील.

येथे खराखुरा नैतिक पेच उभा राहतो. खेळाडूने न मागितलेली गोष्ट त्याच्या जगात सोडणे ही त्याच्या स्वातंत्र्यावरील कुरघोडी नव्हे काय? ह्याचे उत्तर दोन प्रकारच्या देहांत भेद करून देता येईल. आपल्या घरातील माणसे कशी असावीत, हा खेळाडूचा अधिकार मान्य करण्यास हरकत नाही. त्यांना तो घडवतो आणि त्यांच्यावर त्याचे ममत्व असते. परंतु गावातील परके हे परकेच असावयास हवेत. जीवनाचे अनुकरण करू पाहणाऱ्या खेळात परक्याचा देहही आपल्याच आवडीचा झाला, तर तेथे दुसरा कोणी उरत नाही. सर्वत्र आपलीच आवड आपल्याला भेटत राहते. कारागिराने ही खूण केली असल्यास तसे सांगावे, एवढे त्याचे कर्तव्य निश्चित आहे. लपवून लादलेली विविधता हीही एक लबाडीच होय. पण सांगून केलेली ती खूण अन्यायाची नाही. 'केशहीन' ह्या गृहीतकानेही खेळाडूची परवानगी कधी घेतली नव्हती.

५

ह्या विवेचनाचा निष्कर्ष एका खेळापुरता मर्यादित नाही. निवडीचे स्वातंत्र्य वाढवत नेणे म्हणजे न्याय, अशी एक समजूत अलीकडच्या प्रतिरूपणविचारात रूढ आहे. पर्यायांची यादी लांबली की काम झाले असे मानले जाते. परंतु यादीत नाव येणे आणि जगात असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला निवडावे लागत नाही तोच देह खऱ्या अर्थाने स्वीकारलेला असतो. कादंबरीतील ज्या पात्राची जात, वर्ण वा अपंगत्व मुद्दाम सांगावे लागते आणि ज्याचे सांगावे लागत नाही, त्यांच्यातला भेद समीक्षेला परिचित आहे. पोतचित्राचा पारदर्शक थर हा त्याच भेदाचे दृश्य रूप आहे.

म्हणून एका छोट्या चौकटीतील खुणेला येथे एवढे महत्त्व दिले. केसांची रेषा किती हुबेहूब उतरली, ह्याचे श्रेय कारागिराच्या हाताला आहे. ती रेषा न मागता कोणाच्या अंगावर उगवू शकते, हे ठरवताना मात्र तो माणसाच्या देहाविषयी एक विधान करत असतो, आणि त्या विधानाची जबाबदारी त्याला हाताच्या कौशल्यामागे लपवता येत नाही.