उतरंड मोडल्याशिवाय पथक होत नाही

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. वेल्ह्याला शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच मुलखाने अंगावर घेतली. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. भाटघर आणि नीरा देवघरच्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस उभा राहतो. इथल्या काठच्या गावांच्या वाट्याला मात्र धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून जाणारे रस्ते आले. पावसाळ्यात दरडी कोसळतात, वरंधा घाट बंद ठेवावा लागतो. भुतोंडे, हिर्डोशी, केळद अशा टोकाच्या गावांतून रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे कधीच एकट्याचे काम नसते. ज्यांनी आपल्या जमिनी इतरांच्या पाण्यासाठी दिल्या, त्यांना वेळेवर उपचार मिळणे हे आपल्यावरचे ऋण आहे, उपकार नव्हे.

हे ऋण फेडायचे तर डॉक्टर नेमून भागत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माणसे नेमली जातात, पण त्यांचे पथक बांधले जात नाही. पैसा कमी आहे, पदे रिकामी राहतात, हे खरेच. परंतु जी माणसे आहेत तीही एकमेकांची होत नाहीत, याचे कारण तिजोरीत सापडणार नाही. ते आपल्या मनातल्या उतरंडीत आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंगराच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर सहा महिन्यांची गरोदर बाई आहे. गावच्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना, ठाऊक आहे की ती लोहाच्या गोळ्या घेत नाही. गोळ्यांनी मळमळते, आणि सासूबाई म्हणतात, बाळ पोटात फार वाढेल नि बाळंतपण अडेल. अंगणवाडीताईंना ठाऊक आहे की तिला मिळणारा शिधा घरातली सगळी तोंडे खातात. आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत तिचे हिमोग्लोबिन ८ लिहिलेले आहे. एवढे कमी रक्त असताना बाळंतपणात रक्तस्राव झाला तर काय होईल, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळते. आणि गाडी वाड्यापर्यंत चढत नाही, बाईला डोलीतून खाली आणावे लागेल, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला माहीत आहे. पाच जणांजवळ पाच तुकडे आहेत. ते एका जागी आले तर बाई आणि बाळ दोघे वाचतात. नाही आले, तर प्रत्येकाची वही पूर्ण असूनही ती दगावू शकते आणि कागदावर कुणाचीच चूक निघत नाही.

हे तुकडे एकत्र का येत नाहीत? कारण बोलणे वरून खाली चालते. अनेक ठिकाणी मासिक बैठकीत आशांना ‘किती झाले’ एवढेच विचारतात. ‘काय दिसले’ हे क्वचितच. त्यांना एकेरीत हाक मारली जाते, कामात राहिलेली त्रुटी सर्वांसमोर काढली जाते. जिला चारचौघांत खाली पाहावे लागते, ती पुढच्या वेळी अडचण सांगत नाही, वहीत आकडा भरून मोकळी होते. बाईचे बोलणे पुरुषाने अडवावे, वाडीवरच्या माणसाचे म्हणणे शिकलेल्याने हसण्यावारी न्यावे, कष्टाचे काम हलके मानावे, ही जातीने आणि पुरुषी अहंकाराने आपल्याला लावलेली जुनी सवय आहे. दवाखान्याच्या पायरीवर चपला काढताना ती आपण बाहेर ठेवत नाही.

मार्ग माहीत नव्हता असे म्हणायला जागा नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये आरोग्य केंद्राचा आराखडा मांडला. ४०,००० लोकांमागे एक केंद्र आणि त्यात केवळ दोन डॉक्टर. त्यांच्या जोडीला परिचारिका, सुईणी, प्रशिक्षित दाया, स्वच्छता निरीक्षक, आरोग्य सहायक, औषधनिर्माता. शिवाय गावागावांत आरोग्य समित्या. १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने आणखी स्पष्ट सांगितले. डॉक्टर, परिचारिका, सुईणी, सहायक, गावातले कार्यकर्ते आणि गरजेप्रमाणे परंपरागत उपचार करणारे, या सर्वांना एक पथक म्हणून काम करण्याचे सामाजिक आणि तांत्रिक शिक्षण मिळाले पाहिजे. आपण तांत्रिक शिक्षण दिले. सामाजिक शिक्षण तसेच राहून गेले.

ते दिले की काय घडते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. गावाने ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यांच्याच हातून गाव बाळंतपणे करून घेऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

आपल्या अगदी शेजारचाही दाखला आहे. वरंधा उतरला की महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचा उपचार रुजवला आणि मरणारे रुग्ण वाचू लागले. पण ती गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकी गुणकारी. विंचू असो वा भातलावणीत चावलेला साप, पहिला तास डॉक्टरांच्या हातात नसतो. तो शेजाऱ्याच्या, आशाताईंच्या, सर्पमित्राच्या, भगताच्या आणि गाडीच्या चालकाच्या हातात असतो. भगताला हिणवले तर रुग्ण त्याच्याकडे लपून जातो आणि वेळ जातो. त्याला विश्वासात घेतले तर तोच म्हणेल, आधी दवाखाना गाठा. पथकात त्यालाही जागा हवी.

मग भोर-वेल्ह्यात करायचे काय? प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एकदा तासभर सर्वांनी एका पातळीवर बसावे. त्या तासात आकडे मागू नयेत. जोखमीच्या रुग्णांची नावे घ्यावीत आणि पहिले बोलणे आशाताईंचे असावे. जोखमीच्या प्रत्येक रुग्णामागे एकच कागद असावा आणि त्यात पाचही जणांनी लिहावे. भोरच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे आशा आणि आरोग्य सेविकेला आवर्जून कळवावे. ज्यांनी रुग्ण पाठवला त्यांनाच शेवट कळू नये, हा अन्याय आहे. मृत्यू झाला तर दोषी शोधण्याआधी साखळी कुठे तुटली ते शोधावे. आणि पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक वाडीची वाट ठरवावी: डोली कोण उचलणार, गाडी कुठवर येणार, रेंज कुठे मिळते.

यावर आक्षेप येतात. डॉक्टर म्हणतात, कायद्याने जबाबदारी आमची. बरोबर आहे, आणि आणीबाणीच्या क्षणी शेवटचा शब्द त्यांचाच असावा. पण निर्णयाआधी ऐकून घेतल्याने अधिकार कमी होत नाही, निर्णय शहाणा होतो. दुसरा आक्षेप, आधीच माणसे अपुरी, बैठकीला वेळ कुठून आणणार? हात जितके कमी, तितकी एकमेकांची गरज जास्त. एका तासाच्या बोलण्याने पुढचे कित्येक वाया जाणारे हेलपाटे वाचतात.

मात्र समता नुसत्या गोड बोलण्याने येत नाही. एकाच केंद्रात कुणी कायम, कुणी कंत्राटी, तर आशा कामागणिक मोबदल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना हक्काच्या पैशांसाठी संपावर जावे लागले. घामाचा पैसा वेळेवर न देता त्यांना पथकाच्या सदस्य म्हणणे ही फसवणूक आहे.

गावानेही हात झटकू नयेत. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम २००७ मध्ये राज्याच्या ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत पुणे होता. जनसुनवाईत लोकांनी प्रश्न विचारायला शिकणे ही मोठी कमाई आहे. आता पुढचे पाऊल टाकू. गावाच्या आरोग्य समितीने वर्षभर कागदावर निजून न राहता आशाताईंच्या पाठीशी उभे राहावे, डोलीला चार तरुण द्यावेत, आरोग्य सेविकेला मुक्कामाला सुरक्षित खोली द्यावी.

या डोंगरात नव्याने रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरांना विशेष विनंती. तुमची पदवी तुमच्या कष्टाची आहे आणि या माणसांना तिची नितांत गरज आहे. पण तुमच्या औषधाला वाडीवर पोहोचवणारी बाई तुमची हाताखालची नाही, तुमची सहकारी आहे. पुढच्या बैठकीत तिला खुर्ची द्या, नावापुढे ताई लावा आणि तिचे बोलणे पुरते ऐकून मगच कागदावर लिहा. एवढे करायला शासनाचा आदेश लागत नाही, आणि ते तुम्ही उद्यापासून करू शकता.